केणी_फायनल_३

घणसोली गावातून सेक्टरकडे वळताना
पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, बायोडेटा तीस रुपये.
नऊ वर्षांत इतके टाइप केले
की माणूस दारात चप्पल काढतो तेव्हाच
मला त्याचे समास दिसतात.

छंद सगळ्यांचे तेच. वाचन, संगीत, क्रिकेट.
विचारतसुद्धा नाही आता.
मेहनती, प्रामाणिक, दडपणाखाली काम करण्याची तयारी
हा परिच्छेद मी एकदाच लिहिला होता
एका मुलासाठी. त्याला कुरियर कंपनीनं घेतलं,
तेव्हापासून पायगुणाचा म्हणून तोच वापरते.

वामन केणी आले दुपारी दोनला, लाइट नुकतीच आली होती.
वय एकोणपन्नास.
जन्मतारीख गाळता येते, मी म्हटलं.
"गालून काय? तोंडावर हाय ना."

पत्ता?
"गाव गोठिवली."
फॉर्मला सेक्टर लागतो, काका.
"आमचे गावान सेक्टर आला.
आमी सेक्टरान नाय गेलो."
मी दोन्ही लिहिलं. ओळ लांबली,
फॉन्ट एक घर खाली आणला.

अनुभव.
इथे मी सगळ्यांना सांगते, शेवटून सुरू करा,
ताजं वर, जुनं खाली.
बॉयलर अटेंडंट, दुसरा वर्ग, रंगाची कंपनी, रबाळे,
एकवीस वर्षं. बंद.
त्याआधी?
"त्याआधी तितंच. त्याच जागेवर आमचं शेत व्हतं.
बाच्या हाताखाली बांध राखायचो.
भरतीला रातचं उठून बघायचं
खारं पाणी भातात शिरतंय का."
हे नको टाकूया, मी म्हटलं,
कागद बघणाऱ्याला सहा सेकंद असतात.
ते गप्प राहिले. गिरणी चालू होती.
अर्ज कुठे करताय?
"तितंच."

कंपनी पाडून त्या प्लॉटवर डेटा सेंटर उभं राहतंय.
रात्रपाळीला माणूस हवाय,
यंत्रं तापू नयेत म्हणून.

बॅकस्पेसवरचं बोट मी उचललं.
जागा एकच, पाटी तिसरी,
आणि पुन्हा हाच माणूस रांगेत.
आधी पाणी राखलं, मग वाफ,
आता गारवा राखतो म्हणतोय.
याला माझ्याकडे टेम्प्लेट नव्हतं.
बांधाची ओळ राहू दिली. तारखा नाहीत तिला.

संदर्भासाठी दोन नावं लागतील.
"मॅनेजर सुरतला गेला. फोन उचलत नाय.
दुसरं लिव, चिमणी."
मी वर पाहिलं. ते हसत नव्हते.
"तीबी पाडली म्हना, शिमग्याच्या आदी."

कौशल्ये?
"काय नाय गो बाय. आवाज आयकायचो."
कसला?
"वाफंचा. काटा कधी कधी खोटं बोलतो.
आवाज नाय बोलत."
मी लिहिलं, टीमवर्क.

दोन प्रती काढल्या.
पहिल्या प्रतीत गोठिवलीचा ठी पहिला आला होता,
तो त्यांनीच दाखवला. सुधारून पुन्हा काढल्या.
तेव्हा मान तिरकी करून ते म्हणाले,
"डाव्या अंगाला कन्हतंय तुझं मशिन.
रोलर बदल. गुरवार बघनार नाय."
हो म्हटलं. सगळेच काही ना काही सांगतात.
पस्तीस दिले, पाच प्लास्टिकच्या फोल्डरचे,
आणि कागद न दुमडता, छातीशी आडवा धरून
स्कूटरवाल्यांच्या मधून गेले.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला
एका इंजिनिअर मुलीचं दुसरं पान अर्धं बाहेर,
आणि मशिन बसलं.
डाव्या अंगाला.

तिला समोरच्या दुकानात पाठवलं. शटर अर्धं ओढलं.
त्यांची फाइल उघडली.
कागद कधीच गेलाय, कुठल्या टेबलावर असेल,
कोणाच्या सहा सेकंदांत.
तरीही टीमवर्क पुसलं,
आणि त्या जागी टाइप केलं:
कान.

फायनल_४ म्हणून सेव्ह केली.
प्रिंट काढायला
काही नव्हतं.